गुलाबाच्या नावातले पाणी

आपल्याकडे गुलाबावर जे काही लिहिले जाते ते बहुधा डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा प्रदर्शने भरतात, बक्षिसे दिली जातात, बागवाले खुशीत असतात. मे महिन्यातल्या गुलाबाची आठवण मात्र कोणी काढत नाही. ते साहजिकही आहे, कारण त्या दिवसांत गुलाब दिसतोच केविलवाणा. पाने कडेने करपलेली, शेंडे वाळलेले, आणि चुकून एखादे फूल आलेच तर ते रुपयाएवढे, सकाळी उमलून दुपारी मान टाकणारे. असे असूनही माझे मत आहे, की गुलाब ठेवणाऱ्याची परीक्षा उन्हाळ्याच्या या शेवटच्या तीन-चार आठवड्यांतच होते. डिसेंबरात गुलाब थंडी फुलवते. मे महिन्यात तो माणसाने जगवायचा असतो, आणि तो कसा जगवला जातो यावरून त्या माणसाबद्दल बरेच काही कळते.

मी हे लिहिते आहे ते डहाणूच्या किनाऱ्याला नजरेसमोर ठेवून. नोकरीतली काही वर्षे मी या भागातल्या बँकेत काढली. कर्जाच्या फायली घेऊन चिकूच्या वाड्यांतून आणि तलासरीच्या पाड्यांवरून हिंडले. निवृत्तीनंतर इथे येणेजाणे वाढले आणि फाइलऐवजी हातात खुरपे आले. इथला वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. नाशिक-पुण्यासारखे कोरडे ऊन इथे नाही. समुद्राचा दमट वारा अंगाला चिकटतो आणि त्याच्याबरोबर येणारे मीठ पानांवर बसते. चिकूचे झाड हे सारे मुकाट्याने सोसते. त्याचे पान जाड, कातडीसारखे. गुलाबाचे पान कोवळे, पातळ. त्याला हे मीठ, हे ऊन आणि हा घाम मानवत नाही.

गुलाबाची इंग्रजी पुस्तके वाचून बाग करणाऱ्यांची पहिली फसगत होते ती ऋतूंच्या नावांत. त्या पुस्तकांतली ‘उन्हाळ्याची अखेर’ म्हणजे ऑगस्ट. तेव्हा नत्राचे खत थांबवा, असे ती सांगतात. नवी कोवळी फूट आली तर पुढच्या हिमात ती मरेल, म्हणून जून लाकूड पक्के होऊ द्या. सल्ला अगदी बरोबर आहे, पण तिथल्यापुरता. ऑगस्टमध्ये आपल्याकडे श्रावण असतो आणि डहाणूत गुलाबाची मुळे पाण्यात उभी असतात. आपल्या उन्हाळ्याची अखेर रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे, मृगाच्या तोंडावर. म्हणजे पुस्तकातला महिना आपल्या कामाचा नाही. परंतु त्या सल्ल्याच्या पोटातले तत्त्व मात्र कामाचे आहे: या दिवसांत झाडाला वाढायला लावू नका.

थंड मुलखात गुलाबाला विश्रांती हिवाळा देतो. बर्फ पडले की झाड पाने टाकते आणि झोपते. माळ्याची इच्छा असो वा नसो. आपल्याकडे हिवाळा हाच फुलांचा हंगाम. मग झाडाने झोपायचे कधी? पावसाळ्यात ते ओलीने आणि रोगाने हैराण असते. ऑक्टोबरात आपण त्याची छाटणी करून त्याला कामाला जुंपतो. उरतो तो उन्हाळा. इथे निसर्ग त्याला सक्तीने झोपवत नाही, नुसता दमवतो. झोप द्यायची ती माळ्याने.

ही विश्रांती गुलाबाच्या रक्तातच होती. युरोपातले जुने गुलाब, गॅलिका, अल्बा वगैरे, वर्षातून एकदाच फुलत. काही आठवड्यांचा बहर, की मग वर्षभर नुसते झाड. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला चीनमधले पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब युरोपात पोचले. त्यांतले काही आपल्या कलकत्त्यावरून गेले, म्हणून तिकडे त्यांना बंगालचे गुलाब असेही नाव पडले. त्यांच्या संकरातून बारमाही फुलणाऱ्या जाती निघाल्या. १८६७ सालच्या ‘ला फ्रान्स’ या गुलाबापासून आधुनिक हायब्रीड टी गुलाबांचे युग सुरू झाले असे मानतात. आपल्या अंगणांतले ग्लॅडिएटर, सुपरस्टार, क्रिश्चियन डायर हे सारे त्याच घराण्यातले. सतत फुलण्याची ही विद्या माणसाने झाडाला शिकवली आणि मग माणसाचीच सवय बिघडली. फूल दिसले नाही की आपल्याला वाटते, झाड आपले देणे चुकवते आहे.

बँकेत असताना चिकूच्या लागवडीसाठी कर्जे दिली जात. चिकूचे कलम लावल्यापासून बऱ्यापैकी उत्पन्न यायला चार-पाच वर्षे जातात. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे मुद्दलाचा हप्ता मागायचा नाही, असा नियमच होता. त्याला आम्ही मोरेटोरियम म्हणायचो. दुष्काळी वर्षात पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली, की अल्पमुदतीचे पीककर्ज मध्यम मुदतीचे करून द्यायचे, हाही नियमच. यात बँकेची दयाबुद्धी होती असे कोणी समजू नये. कमजोर काळात वसुलीला जाल तर कर्जदारही बुडतो आणि कर्जही बुडते, हा व्यवहार होता. गुलाबाच्या बाबतीत मे महिना म्हणजे असाच मोरेटोरियमचा काळ. या काळात त्याच्याकडून फूल मागू नये.

न मागणे म्हणजे दुर्लक्ष करणे, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. काम आहेच, आणि ते फुलांच्या दिवसांपेक्षा जास्त नेटाचे आहे. कळी दिसली की खुडावी. कात्रीची गरज नाही, नखाने खुडली तरी चालते. जीव हळहळतो, पण त्या कळीतून जे फूल येणार त्याला ना रंग असतो ना गंध, आणि झाडाची साठवलेली ताकद मात्र त्यात खर्ची पडते. मोठी छाटणी या दिवसांत अजिबात करू नये. पाने झाडाची स्वतःची सावली असतात. ती काढून टाकली तर फांदीची साल उन्हाने भाजते. शेंड्याकडून काळी पडत खाली येणारी वाळकी फांदी तेवढी हिरव्या लाकडापर्यंत कापावी आणि कापलेल्या जागी मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. कलमाच्या डोळ्याच्या खालून, म्हणजे जंगली खुंटावरून, एखादी जोमदार फूट वर आली असेल तर ती मुळाशी जाऊन काढावी. उन्हाळ्यात वरचे झाड मलूल झाले, की खालचा खुंट डोके वर काढतो. पुष्कळांना तो नवा टवटवीत फुटवा वाटतो, म्हणून ते त्याला जपतात, आणि दोन वर्षांनी आपला लाल गुलाब पांढरा कसा झाला म्हणून विचारत बसतात.

खत नको. युरिया तर नकोच. किनाऱ्याजवळच्या बोअरचे पाणी मचूळ असते. जमिनीत आधीच क्षार चढलेले असतात, त्यात रासायनिक खताचे क्षार घातले की मुळे पाणी ओढून घेण्याऐवजी गमावू लागतात. आळ्यातल्या मातीवर पांढरी पुटी दिसली, की समजावे हे होते आहे. पानांच्या मागे बारीक जाळे आणि पुढे पिवळट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. त्यासाठी औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी चार-पाच सकाळी पानांच्या पाठीवर साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा; बहुतेक वेळा काम भागते. सिमेंटच्या किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या दुपारनंतर भिंतीच्या सावलीत सरकवाव्यात. उन्हाने तापलेल्या कुंडीत मुळे अक्षरशः शिजतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आळे झाकणे. चिकूचा वाळका पाला, भाताचा पेंढा, नारळाच्या शेंडीचा भुसा, जे हाताशी असेल त्याचा तीन-चार बोटे जाड थर आळ्यात पसरावा. खोडाला मात्र तो टेकू देऊ नये. एवढे केले की रोज पाणी घालण्याची गरज उरत नाही. रोज थोडे थोडे शिंपडलेले पाणी मातीच्या वरच्या दोन बोटांत राहते आणि दुपारपर्यंत उडून जाते. मुळेही त्याच्या मागे वर येतात आणि भाजतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पहाटे, झाडामागे आठ-दहा लिटर पाणी सावकाश मुरवावे. जमिनीतल्या झाडाला तेवढे पुरते. कुंडीतल्याला कमी पण अधिक वेळा लागते.

इथे आपण पाण्यापाशी येऊन पोचतो आणि माझ्या लेखाचा खरा विषय सुरू होतो. ‘गुलाब’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण पाण्याचे नाव फुलालाच देऊन टाकले. ज्या डहाणू-घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात इराणी आणि पारशी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या बागायत करत आली, तिथे हा शब्द अधिकच घरचा वाटतो. फुलाच्या नावातच पाणी आहे. तेव्हा गुलाब लावणाऱ्याने पाण्याचा हिशेब द्यायला नको काय?

बँकेची सवय जात नाही, म्हणून हा हिशेब मांडते. वीस गुलाब. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर, म्हणजे आठवड्याला चारशे लिटर. दिवसाला सुमारे सत्तावन्न लिटर. आता त्याच बंगल्यापुढची हिरवळ घ्या. आजकाल इथे शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी बंगले बांधणाऱ्यांना गुलाबांच्या ताटव्याभोवती हिरवळ लागतेच. एक गुंठा हिरवळ म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. मे महिन्याच्या उन्हात तिच्यातून रोज पाच मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर ती हिरवी ठेवायला रोज पाचशे लिटर पाणी हवे. केंद्र सरकारने २०१९ साली जलजीवन मिशन सुरू केले तेव्हा ग्रामीण भागातल्या माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, हे प्रमाण धरले. म्हणजे वीस गुलाब एका माणसाचे पाणी पितात आणि एक गुंठा हिरवळ नऊ माणसांचे. गुलाबाला चैन म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. ते बहुधा हिरवळीवर खुर्च्या टाकून बसलेले असतात.

ही नऊ माणसे कागदावरची नाहीत. किनाऱ्यापासून पूर्वेला तलासरीकडे निघालात की तासाभरात भूगोल बदलतो. टेकड्या, काळा खडक, विरळ होत गेलेले जंगल आणि दूरदूर विखुरलेले वारल्यांचे पाडे. पावसाळ्यात इथे चार महिने धो धो पाऊस पडतो आणि उतारावरून समुद्राला जाऊन मिळतो. खडकाच्या पोटात फारसे काही राहत नाही. एप्रिल-मे उजाडला की विहिरी तळ दाखवू लागतात आणि बायका-मुली डोक्यावर हंडे घेऊन वाट तुडवू लागतात. याच तालुक्यातल्या झरी गावी १९४५ साली वारली शेतकऱ्यांची ऐतिहासिक परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा तो लढा उभा राहिला आणि वेठ संपली. तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पाण्याची वेठ मात्र अजून अनेक पाड्यांवर उन्हाळाभर चालू असते.

किनाऱ्यावरच्या बागांतून काम करणाऱ्या बायका पुष्कळदा याच पाड्यांवरून जीपने येतात. अशाच एका बाईने, नळी गुंडाळता गुंडाळता, मला सहज सांगितले, “बाई, इथलं पाणी घालून झालं का मी घरच्या पाण्याला जाते.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दिवसाचा क्रम सांगावा तसे तिने ते सांगितले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर त्या हिरवळीला ती रोज तेहतीस हंडे पाणी घालत होती. घरी तिला तीन-चार हंडे मिळाले की दिवस चांगला गेला.

यावर एक सरळ उत्तर असे देता येईल, की मग गुलाब लावूच नका. मला ते पटत नाही. सौंदर्याची हौस ही केवळ पोट भरलेल्यांची मिरास आहे असे म्हणणे हा गरिबांचाच अपमान आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तांदळाच्या पांढऱ्या पिठाने जे चितारले ते जगाने डोक्यावर घेतले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हौस कुठेही असते. तलासरीच्या पाड्यांवर मी कर्जवसुलीला जात असे तेव्हाही कुडाच्या भिंतीशी मोगरा, झेंडू, क्वचित एखादा गावठी गुलाब फुटक्या डब्यात लावलेला दिसे. आणि तो नेहमी एकाच जागी असे: भांडी घासायच्या, अंग धुवायच्या दगडाजवळ. पाणी झाडापर्यंत न्यायचे नाही, झाडच पाण्यापाशी आणून ठेवायचे. पाणी वाचवण्यावरची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. एवढे नेमके मला कुठल्याही भाषणात सापडले नाही.

तीच रीत बंगल्यांनीही उचलावी, असे माझे म्हणणे आहे. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, साबण न लागलेले पाणी चार माणसांच्या घरात रोज बरेच निघू शकते. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र गुलाबाला घालू नये. त्यात क्षार साठलेले असतात. ज्या घरात वापरलेल्या पाण्यावर जितके गुलाब जगतील तितकेच गुलाब त्या घराने ठेवावेत. पाच जगत असतील तर पाच. हिरवळ काढून टाकून तिथे पालापाचोळा पसरावा, किंवा जमीन उघडी राहू द्यावी. पहिल्या पावसानंतर तिथे जे गवत आपोआप उगवेल त्याला कोणी पाणी घालावे लागत नाही.

ही गोष्ट एकट्यादुकट्या बंगल्यापुरती नाही. डहाणू, विक्रमगड, पालघर या भागांतल्या शेतीसाठी सूर्या नदीवर धामणीला धरण बांधले गेले. पुढे त्याचे पाणी वसई-विरारकडे वळले आणि आता मीरा-भाईंदरसह या शहरांसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना त्याच पाण्यावर उभी आहे. शहरांना पाणी नको असे कोण म्हणेल? पण ज्या डोंगरांवर तो पाऊस पडतो त्यांच्या पायथ्याची बाई मे महिन्यात हंडा घेऊन चालते, तोवर हा हिशेब जुळला असे म्हणता येत नाही. २० जून १९९१ रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. मी त्याकडे या भूमीला दिलेला मोरेटोरियम म्हणूनच पाहत आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे मी त्यात शिरत नाही. एवढेच विचारते, की नवी माणसे, नव्या वसाहती आणि त्यांच्या नव्या बागा येतील तेव्हा मे महिन्यातल्या पाण्यात तलासरीचा वाटा कितवा असेल?

आता पुन्हा आळ्याकडे वळू, कारण पाऊस वाट पाहत नाही. पूर्वी मृगाच्या आदल्या आठवड्यात बागेची डागडुजी केली तरी चालत असे. हवामान खात्याने २०२० साली पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईत तो ११ जूनला येतो आणि परत जातो ८ ऑक्टोबरला. पूर्वी ही परतीची तारीख २९ सप्टेंबर होती. २०२५ मध्ये तर २६ मेलाच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. तेव्हा पावसाची तयारी मे महिन्याच्या मध्यापर्यंत आटोपलेली बरी. आळ्यांची खोलगट ताटली बुजवून खोडाभोवती उंचवटा करावा आणि पाणी निघून जायला चर काढावेत. उन्हाळ्यात जे आळे पाणी धरून ठेवते तेच जूनमध्ये मुळे कुजवते. कुंड्यांची भोके मोकळी करावीत. गळलेली रोगट पाने गोळा करून जाळावीत, नाहीतर त्यांच्यावरचे काळे ठिपके पहिल्या पावसात नव्या पानांवर चढतात. पाल्याचा थर पातळ करावा. पावसाची उघडीप पाहून एक टक्का बोर्डो मिश्रणाचा हात फिरवावा. आणि पाऊस उशिरा परततो हे ध्यानात ठेवून ऑक्टोबरातल्या छाटणीची घाई करू नये. जमीन वाफशावर आली, ऊन स्वच्छ पडले, की मगच कात्री उचलावी.

गहू-संशोधनासाठी गाजलेले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी आपल्या हवेत तगतील असे गुलाब तयार करण्यात आयुष्यातला मोठा वेळ घातला. सनदी नोकरी सोडून कोडाईकनालला गुलाब करणारे एम. एस. विराराघवन यांनी मणिपूरच्या डोंगरातला आणि पूर्वेकडच्या पाणथळीतला जंगली गुलाब संकरासाठी निवडला, तो उष्ण देशांना स्वतःचे गुलाब हवेत या आग्रहाने. उद्या डहाणूच्या मिठाला आणि उन्हाला पुरून उरणारी जात निघेलही. तोपर्यंत आपल्या हातात आहे ते एवढेच: कळी खुडणे, आळे झाकणे, आणि हंड्याचा हिशेब ठेवणे. ज्याला मे महिन्यात गुलाबाकडून काही मागायचे नाही हे कळले, त्याला डिसेंबरात मागावे लागत नाही. आणि ज्या हाताने आपल्या बागेची नळी गुंडाळली, त्या हाताला घरी गेल्यावर पाण्यासाठी पुन्हा वाट चालावी लागू नये, एवढे आपल्या गावाने, पंचायतीने आणि सरकारने पाहिले, तर त्या फुलाकडे बघायला बरे वाटेल.